ऑफिसचं नेट रोज अकराला बसतं आणि राऊटर बंद-चालू केला की उठतं? आधी हे बघा

हे वीस-पंचवीसपासून साठ-सत्तर माणसांच्या ऑफिससाठी लिहितोय. सीएचं ऑफिस, एमआयडीसीतलं युनिट, क्लिनिक, क्लासेस, गोडाऊन असं काहीही. पिंपरी-भोसरी-चाकण पट्ट्यात माझं कामच हे आहे आणि फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सर, राऊटर गेलाय बहुतेक, नवीन कुठला घेऊ?" बऱ्याचदा राऊटर गेलेला नसतो. आणि ज्यांचा खरंच बदलायची वेळ आलेली असते ते दुकानात जाऊन सहा अँटेनावाला घरचाच मोठा राऊटर आणतात, मग पंधरा दिवसांनी परत तेच.

आधी लक्षणं. यातलं काय तुमच्याकडे होतंय ते नीट बघून घ्या, कारण पुढे उपयोगी पडेल:

– सकाळी दहाला सगळं मस्त, अकरा-साडेअकरापासून पेज अर्धवट उघडून फिरत राहतं. व्हॉट्सॲपचा मेसेज जातो, फोटो जात नाही.
– वायफायच्या काड्या फुल, पण खाली "नो इंटरनेट".
– एका टेबलावर चालतं, शेजारच्या टेबलावर नाही.
– बँकेची साईट किंवा जीएसटी पोर्टल मधेच लॉगआउट करून टाकतं.
– व्हीपीएन कनेक्टेड दाखवतं पण आतलं ईआरपी पांढरी स्क्रीन देतं.
– मीटिंगमध्ये तुमचा आवाज समोरच्याला तुटक जातो, त्यांचा तुम्हाला नीट येतो.
– राऊटर रीस्टार्ट केला की दोन-तीन तास बरं.

हे शेवटचं लक्षण सगळ्यात फसवं आहे. रीस्टार्टने बरं वाटलं म्हणून सगळे राऊटरलाच धरतात. पण रीस्टार्ट केल्यावर सगळी कनेक्शन तुटतात, आयपींचं वाटप नव्याने होतं, अडकलेलं अपलोड थांबतं, म्हणजे दोष कुठलाही असो, थोडा वेळ बरं वाटणारच. वर बऱ्याच राऊटरांचा लॉग रॅममध्ये असतो, तो पण उडतो, मग काय झालं होतं ते कळायचा मार्गच बंद. म्हणून पुढच्या वेळी नेट बसलं की बटणाकडे हात जायच्या आधी राऊटरच्या पेजवर लॉगिन करा आणि स्टेटस स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढा. सीपीयू किती टक्के, मेमरी किती, सेशन किंवा कनेक्शन किती, आणि अपटाइम (किती वेळ सलग चालू आहे) किती. हे चार आकडे हातात असले की अर्धं काम झालं, आणि पैसा एक रुपया लागत नाही.

फुकटातलं पहिलं: तीन पिंग

एक लॅपटॉप केबलने जोडा, वायफायने नको, नाहीतर वायफायचं भांडण नेटच्या डोक्यावर फुटेल. कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडा आणि तिन्हीत शेवटी डॅश टी लावून पिंग चालू ठेवा. एक तुमच्या गेटवेला (म्हणजे राऊटरच्या आतल्या पत्त्याला), समजा १९२.१६८.१.१, दुसरा ८.८.८.८ ला, तिसरा कुठल्याही साईटच्या नावाला. नेट बसलं की बघा.

गेटवेचाच पिंग तुटतोय किंवा एक मिलिसेकंदाचा पन्नास-शंभरवर गेलाय तर भानगड तुमच्या ऑफिसच्या आत आहे, नेट कंपनीला फोन करून उपयोग नाही, ते "आमच्याकडून ओके आहे" म्हणतील आणि ते खरं असेल. गेटवे ठीक पण ८.८.८.८ तुटतोय तर राऊटर ते बाहेरची लाइन या टप्प्यात बघा. दोन्ही ठीक आणि फक्त नावाचा चालू होत नाही तर डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरून पत्ता शोधणारी सोय. राऊटरमध्ये डीएनएस बदलून १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाका. त्याआधी तिथे कुठला पत्ता होता तो मात्र लिहून ठेवा, का ते शेवटी सांगतो. एक लक्षात घ्या, तिसरी खिडकी आधीपासून चालू असेल तर ती नाव एकदाच शोधते, म्हणून नेट बसल्यावर ती बंद करून परत चालवा.

लाईट, अडॅप्टर, उष्णता

अपटाइम बघितलात ना? कुणी हात लावला नाही तरी अपटाइम दोन तास दाखवतोय तर राऊटर स्वतःच पडून उठतोय. म्हणजे बहुतेक वेळा वीज किंवा उष्णता. चाकणला एका ऑफिसात यूपीएस चांगला, बॅटरी नवीन, तरी लाईट गेली की नेट जायचं. मागे वाकून बघितलं तर यूपीएसला सहा सॉकेट, त्यातल्या तीनच्या वर बॅटरीचं चिन्ह आणि उरलेल्या तीनवर फक्त सर्ज लिहिलेलं, आणि राऊटर, स्विच, फायबरची डबी (नेट कंपनीची, जिच्यात फायबर येऊन जोडली जाते) तिन्ही त्या सर्जवाल्यात. प्लग बदलले, झालं. तुम्ही पण वाकून बघा, आणि तिन्ही वस्तू बघा, कारण राऊटर चालू राहिला आणि फायबरची डबी पडली तर काय कामाचं.

अडॅप्टर जुना झाला की बारा व्होल्ट लिहिलेलं असतं पण लोड आला की व्होल्टेज खाली येतं आणि राऊटर गचके खातो. रिकाम्यावर मीटर लावाल तर बाराच दाखवेल, म्हणून त्याच व्होल्टेजचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा लावून एक दिवस बघणं सोपं. पिन बसते म्हणून नऊ व्होल्टवाला लावू नका, हे लिहायला लागतं कारण लोक लावतात. आणि राऊटर पीओपीच्या आत, नाहीतर पॅन्ट्रीच्या फ्रिजवर असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी हात लावून बघा. चटका बसतो. बाहेर काढा, जाळी ब्रशने साफ करा.

फायबरच्या डबीवर लॉसचा (एलओएस लिहिलेला, म्हणजे सिग्नल नाही) लाल दिवा लागला असेल तर पुढचं काही वाचू नका, सरळ नेट कंपनीला फोन. डबीच्या पेजवर ऑप्टिकल पॉवर दिसते, साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मधे हवी. उणे २७ च्या आसपास घुटमळत असेल तर पावसात नाहीतर वायर हलली की तुटणार. तो आकडा फोनवर सांगितलात की समोरचा माणूस एकदम नीट बोलायला लागतो. फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर धरून "लाईट येतोय का" बघायचं नाही, तो प्रकाश दिसत नाही आणि डोळ्याला वाईट.

केबल

स्पीड टेस्ट चौऱ्याण्णव-पंच्याण्णववर अडकते का? लाइन दोनशेची आहे, तीनशेची आहे, तरी दरवेळी ९४-९५? मग डोकं खाजवू नका, कुठेतरी पोर्ट १०० वर जोडला गेलाय. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एक तार तुटली की पोर्ट गपचूप १०० वर येतो, नेट चालू राहतं म्हणून कुणाला कळत नाही. राऊटरच्या पेजवर पोर्टचा लिंक स्पीड बघा आणि आधी छोटी पॅच कॉर्ड बदला, शंभर-दीडशे रुपयाचं काम. बाजारात स्वस्त केबल मिळते ती बऱ्याचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, दोन वेळा वाकली की तार आत तुटते. भिंतीतून नवीन वायर ओढणार असाल तर पूर्ण तांब्याचीच घ्या, परत भिंत फोडायचा खर्च वायरीपेक्षा कितीतरी जास्त.

आणि स्विचचे सगळे दिवे एकदम, एकाच तालात, वेड्यासारखे लुकलुकतायत आणि अख्खं ऑफिस बंद, तर लूप आहे. कुणीतरी सफाई करताना लोंबणारी वायर "इथली सुटलीय वाटतं" म्हणून त्याच स्विचमध्ये परत खोचलेली असते. एकेक वायर काढत जा, जी काढल्यावर दिवे शांत होतील ती.

एकाचं चालतं, शेजारच्याचं नाही

ज्या मशीनवर नेट चालत नाही तिथे कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल चालवा. तीन गोष्टी दिसू शकतात.

१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला तर त्या मशीनला पत्ता मिळालाच नाही. बऱ्याच ऑफिसात डीएचसीपीचा पूल (राऊटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांचा साठा) १०० ते १९९ असा शंभरचाच असतो. चाळीस माणसं, चाळीस लॅपटॉप, चाळीस मोबाईल, प्रिंटर, कॅमेरे, हजेरीचं मशीन, पाहुणे… अकरापर्यंत सगळे येतात आणि शंभर संपतात! रीस्टार्ट केल्यावर साधा राऊटर आधीचं वाटप विसरतो म्हणून तात्पुरतं चालतं. त्यात अलीकडचे मोबाईल खरा मॅक पत्ता (यंत्राची स्वतःची ओळख) न देता बनावट देतात, काही फोनांत नेटवर्क विसरून परत जोडला किंवा सेटिंगमध्ये बदलता ठेवला असेल तर एकच फोन दोन-तीन पत्ते खातो. पूल वाढवा, पाहुण्यांच्या वायफायची लीज (एक पत्ता किती वेळ राखून ठेवायचा) चोवीस तासांवरून दोन-तीन तासांवर आणा. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं, पत्ता आलाय पण तुमच्या रांगेतला नाही. सगळ्यांना १९२.१६८.१ आणि याला १९२.१६८.०. म्हणजे ऑफिसात दुसरं कुणीतरी पत्ते वाटतंय. कॉन्फरन्स रूममध्ये रेंज येत नाही म्हणून कुणीतरी घरचा जुना राऊटर आणून वायर त्याच्या लॅन पोर्टमध्ये घातलेली असते. शोधून काढा, आणि ओरडू नका, रेंज येत नव्हती हे खरंच असतं. मॅनेज्ड स्विच असेल तर डीएचसीपी स्नूपिंग (अनोळखी पोर्टवरून पत्ते वाटणं अडवणारं सेटिंग) चालू करा, परत होणार नाही.

तिसरं, पत्ता बरोबर, गेटवे बरोबर, तरी मधेच जातंय, तर तोच पत्ता कुणीतरी हाताने टाकलाय. प्रिंटर किंवा कॅमेऱ्याचा डीव्हीआर असतो नेहमी.

अपलोड कोण खातंय

आवाज तुटक जातो पण येतो नीट, हे अपलोड भरल्याचं लक्षण. सोळा कॅमेरे चार एमबीपीएसने म्हणजे चौसष्ट एमबीपीएस, आणि मालक घरून मोबाईलवर सगळे मेन स्ट्रीमवर लावून बसलेत. नाहीतर डिझायनरने आल्या आल्या चार जीबीचा फोल्डर ड्राइव्हला टाकलाय. राऊटरमध्ये कुठला आयपी किती पाठवतोय त्याची यादी असते, पहिलं नाव बघा. बॅकअप रात्री लावा, कॅमेरे सब स्ट्रीमवर (कमी दर्जाच्या चित्रावर), आणि क्यूओएसमध्ये (कुणाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारं सेटिंग) अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या ८५-९० टक्के टाका. कमी का टाकायची? कारण तेव्हा रांग तुमच्या राऊटरमध्ये लागते आणि तो कॉलला पुढे काढू शकतो. पूर्ण सोडलं तर रांग नेट कंपनीच्या डबीत लागते, तिथे तुमचं काही चालत नाही.

काही साईट उघडतात, काही नाही. व्हीपीएनमध्ये पांढरी स्क्रीन

हे एमटीयूचं, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचं. साध्या इथरनेटवर १५०० बाइटचं पॅकेट जातं, पण तुमची लाइन युजरनेम-पासवर्डने पीपीपीओईवर लागत असेल तर आठ बाइट त्यात जातात, १४९२ उरतात. छोटी पॅकेट जातात म्हणून लॉगिन होतं, मोठी अडकतात म्हणून पुढची स्क्रीन येत नाही. तपासायला: पिंग डॅश एफ डॅश एल १४७२ आणि १.१.१.१. फ्रॅगमेंट करायला पाहिजे असा मेसेज आला तर १४६४ टाकून बघा. १४६४ जातंय म्हणजे एमटीयू १४९२ (हेडरचे २८ मिळवायचे). राऊटरच्या वॅनवर (बाहेरच्या लाइनच्या पोर्टवर) १४९२ टाका आणि एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेट आधीच छोटी ठेवायला लावणारं सेटिंग) चालू करा. व्हीपीएनला आणखी कमी लागतं, १४०० पासून सुरू करा. लोक यावर आठवडे घालवतात, ईआरपीवाल्याशी भांडतात, आणि दोष एका आकड्याचा.

याच टप्प्यात राऊटरच्या वॅनचा पत्ता बघून घ्या. तो १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर बहुधा फायबरची डबीसुद्धा राऊटरगिरी करतेय, डबीला ब्रिज मोडला (नुसती लाइन पुढे द्यायची, राऊटरगिरी नाही) टाकून द्या म्हणून नेट कंपनीला सांगा. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर सार्वजनिक पत्ता तुम्हाला दिलेलाच नाही, बाहेरून ऑफिसात व्हीपीएन घ्यायचा असेल तर स्टॅटिक आयपी विकत घ्यावा लागेल, राऊटर कितीही महागाचा आणा.

दोन लाइन आहेत तरी

बँक आणि जीएसटी पोर्टल मधेच बाहेर काढतात ना, तिथे दोन्ही लाइनवर लोड बॅलन्सिंग चालू असतं. एक क्लिक या पत्त्यावरून, पुढचा त्या पत्त्यावरून, साईटला वाटतं दुसराच माणूस आला. एक मुख्य आणि एक राखीव ठेवा, नाहीतर या साईटना एकाच लाइनला बांधा. राखीव लाइन चालू होत नाही ही दुसरी तक्रार: राऊटर फक्त पोर्टचा दिवा बघतो, आणि बाहेर रस्ता खोदताना फायबर तुटली तरी डबी चालू असल्याने पोर्टचा दिवा हिरवाच. तपासणी बाहेरच्या दोन वेगवेगळ्या पत्त्यांना पिंग करून होईल अशी लावा. आणि दोन्ही कंपन्यांच्या वायरी एकाच खांबावरून येतायत का ते गच्चीवर जाऊन बघा. येत असतील तर दुसरी लाइन ४जी-५जी घ्या.

आता राऊटरच लहान पडतोय का

सगळं बघून झालं, आणि फोटोत सीपीयू ९०-१०० किंवा सेशनचा आकडा मर्यादेला टेकलेला, तर हो, राऊटर लहान पडतोय. एका माणसाच्या ब्राउझरच्या वीस टॅब, मेल, चॅट, खिशातला फोन, सहज दीड-दोनशे कनेक्शन. चाळीस माणसांचे सहा-आठ हजार. प्रत्येकाची नोंद राऊटरला ठेवावी लागते आणि काम झालं तरी ती लगेच जात नाही, जेवण उरकून टेबल अडवून गप्पा मारत बसलेल्या गिऱ्हाइकासारखी. लिनक्समध्ये चालू टीसीपी कनेक्शनची नोंद ठेवायचं मूळ सेटिंग ४,३२,००० सेकंद असतं, म्हणजे पाच दिवस, आणि काही राऊटरांत ते तसंच राहतं! खर्च करायच्या आधी हे अडीच-तीन तासांवर आणून बघा. फार खाली नको, आरएफसी ५३८२ मध्ये (इंटरनेटच्या नियमावलीतला एक दस्तऐवज) दोन तास चार मिनिटं ही किमान मर्यादा दिली आहे, त्याखाली गेलात की शांत बसलेली चालू कनेक्शनही तुटू शकतात. मायक्रोटिक कंपनीचा राऊटर असेल तर फास्टट्रॅक (चालू कनेक्शनची पॅकेट झटपट पुढे काढणारी सोय) कुणी बंद केलंय का बघा, ते बंद झालं की सीपीयू चढतो.

तरी भागलं नाही तर नवीन घ्या, पण खोक्यावरचा मोठा आकडा बघून नाही. डेटाशीटमध्ये तीन-चार वेगळे थ्रूपुट (सेकंदाला किती डेटा पुढे जातो) असतात. सगळ्यात मोठा असतो तो मोठ्या पॅकेटवर, काहीच चालू नसताना. तुम्हाला बघायचाय तो आयपीएस (हल्ले ओळखून अडवणारी सोय) किंवा थ्रेट प्रोटेक्शन चालू असतानाचा, आणि व्हीपीएन वापरत असाल तर आयपीसेकचा (व्हीपीएनचा एक प्रकार). मी लाइनच्या दुप्पट बघतो. सेशन म्हणाल तर डिव्हाइस गुणिले अडीचशे, त्याच्याही दुप्पट.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला सिस्कोचा राऊटर आणणाऱ्यांसाठी खास: आयएसआर ४३३१ दिसायला दणकट, गिगाबिट पोर्ट, पण मूळ थ्रूपुट १०० एमबीपीएसला बांधलेलं, लायसन्स टाकलं तर ३००. ४३२१ तर ५० आणि १००. तीनशेची लाइन लावून "राऊटर खराब निघाला" म्हणणारे बघितलेत, राऊटर उत्तम होता. सपोर्ट कधीपर्यंत आहे आणि सॉफ्टवेअर अपडेट कराराशिवाय मिळेल का, हे पण दुकानात पैसे देण्याआधी विचारा. फायरवॉलसारखा घेत असाल तर दरवर्षीच्या लायसन्सचे पैसे धरून हिशेब करा, ते संपलं की नेट चालतं बहुतेक ठिकाणी पण नवीन धोक्यांची यादी यायची थांबते.

आणि हो, ऑफिसच्या अशा राऊटरमध्ये वायफाय नसतं बहुतेक वेळा. "एवढे पैसे घेतले आणि अँटेना कुठंय?" हा प्रश्न मालक विचारतातच. वायफायसाठी छतावर वेगळे ॲक्सेस पॉइंट लावायचे, राऊटर रॅकमध्ये.

इथे थांबा, माणूस बोलवा

रॅकला किंवा राऊटरच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी इलेक्ट्रिशियन, अर्थिंग बघायला. नेटवर्कवाला नाही.

कुणी टाकलेला नाही असा ॲडमिन युजर, डीएनएसमध्ये अनोळखी पत्ता (म्हणून लिहून ठेवा म्हटलं), न केलेला शेड्यूल, किंवा एकाच पीसीवरून हजारो कनेक्शन, असं काही दिसलं तर हात लावू नका. वॅनची वायर काढा, फोटो घ्या, रीसेट करू नका, जाणकार बोलवा. २०१८ मध्ये मायक्रोटिकच्या विनबॉक्समधली (राऊटर सांभाळायच्या टूलमधली) त्रुटी एप्रिलमध्येच दुरुस्त झाली होती, तरी अपडेट न केलेले राऊटर पुढे कित्येक महिने पकडले जात होते, त्यामुळे "आमच्या छोट्या ऑफिसात कोण येणार" यात अर्थ नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना अशी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, तेव्हा तुमच्या सीएसला (कंपनी सेक्रेटरीला) किंवा वकिलाला पण तेव्हाच फोन लावा.

व्हीएलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्क) असलेला कोअर स्विच, दोन शाखांमधला व्हीपीएन, किंवा दुसऱ्या गावातल्या शाखेचा राऊटर जिथे रिमोट तुटला तर बटण दाबायला कुणी नाही, तिथे यूट्यूब बघून कमांड टाकू नका. फर्मवेअर अपडेट पण चालू दिवसात नको, शनिवारी संध्याकाळी, कॉन्फिगचा बॅकअप घेऊन, आणि अपडेट चालू असताना राऊटर यूपीएसवर.

माणूस यायच्या आधी हे काढून ठेवा, नाहीतर त्याचा पहिला तास यातच जातो आणि बिल तुम्हालाच लागतं: राऊटरचा ॲडमिन पासवर्ड (जुन्या आयटीवाल्याकडे असतो, तो फोन उचलत नाही), नेट कंपनीचा कस्टमर नंबर आणि पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड, स्टॅटिक आयपीचा मेल, नेट बसलं तेव्हाचे स्टेटसचे फोटो वेळेसकट, आणि रॅकची किल्ली.